हजर असलेल्यांचा रकाना

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९९, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटं. पन्नास मिलिलिटरची ब्युरेट (मापाची काचनळी), एक नग, फुटली. किंमत एकशे चाळीस रुपये. हजर : रसायनशास्त्राचे सर आणि एस. वाय.ची एक विद्यार्थिनी. आणखी कोणी नाही.

ही नोंद प्रयोगशाळेतल्या शिपायाच्या, दत्तारामच्या अक्षरात आहे. 'हजर' हा रकाना मात्र माझा. पेणच्या त्या कॉलेजात मी तेव्हा ऑफिसात सीनियर क्लार्क होतो, आणि वर्षअखेर मुलांची अनामत परत करताना फुटलेल्या काचसामानावरून रोज भांडणं होत. "भाऊसाहेब, बीकर माझ्या हातून नाय फुटला, बाजूवाल्याने धक्का मारला." म्हणून १९९७च्या जूनमध्ये नवं ब्रेकेज रजिस्टर आलं तेव्हा मी पट्टी लावून एक जास्तीचा रकाना आखला. वस्तू फुटली तेव्हा जवळ कोण होतं, त्यांची नावं. भांडणं निम्म्यावर आली. मला त्या रकान्याचा अभिमान होता. चांगल्या रजिस्टरात सगळं सापडतं, असं मी बायकोला सांगत असे.

यंदाही फेब्रुवारी आला आहे. बाजारात वालाच्या शेंगा आल्या आहेत, शनिवारी कुणाच्या तरी शेतावर मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लागते आणि मडक्यातल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा उग्र, गोडसर वास वाऱ्यावर थेट आमच्या गल्लीपर्यंत येतो. वडखळच्या बाजूला मिठागरांत पाणी आटून पांढरी कड धरू लागली असेल. आंब्याचा मोहोर, खारी हवा, आणि आताच्या ऑफिसातही माझ्या टेबलावर खाकी कव्हर घातलेल्या जर्नलांची चळत. प्रॅक्टिकल परीक्षेचे दिवस. या जर्नलांना एक वास असतो. ॲसिडचा, डिंकाचा, घामेजल्या हातांचा. इतर कारकुनांना तो येत नाही म्हणतात. मला येतो, आणि तो आला की पोपटी बेचव लागते.

जर्नल म्हणजे काय ते सायन्सला न गेलेल्यांना सांगायला हवं. वर्षभर केलेले प्रयोग मुलं एका वहीत लिहितात. प्रत्येक प्रयोगाखाली शिकवणाऱ्याची सही लागते, आणि शेवटी पहिल्या पानावर 'हा अभ्यासक्रम समाधानकारकरीत्या पूर्ण केला' या छापील वाक्याखाली आणखी एक. ती शेवटची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. मग मुलगा कितीही हुशार असो. सतरा प्रयोग, सतरा सह्या, आणि वर एक. त्या एका सहीवर अख्खं वर्ष टांगलेलं असतं. ती कधी करायची, कुठे करायची, याचा तेव्हा कसलाच नियम नव्हता. ज्याचं पेन, त्याची मर्जी.

रसायनशास्त्राचे सर मुलांची जर्नलं वर्गातच सही करून परत देत. मुलींना म्हणत, "तुझं अजून तपासायचंय. पाचनंतर ये."

मला हे माहीत होतं. इथे मला स्पष्ट लिहायला हवं, कारण पुढे बरेच जण म्हणाले की त्यांना कल्पनाच नव्हती. माझी फीची खिडकी प्रयोगशाळेच्या जिन्याखाली होती. मुली जिन्यावर उभ्या राहून आपसांत ठरवत.

"आज कोणाचा नंबर गो?"

"माजा. तू भायेर रा. आवाज नाय आला तर खोक."

"किती खोकू? मागल्या येळी खोकून खोकून घसा बसला, आय म्हनते टीबी झाला का काय."

आणि हसत. मीही मान खाली घालून हसलो असेन. मुली जोडीने जातात, बाहेर एक उभी राहते, हा मला त्यांचा बुजरेपणा वाटला होता. खेड्यातल्या मुली आहेत, लाजतात. इतके आकडे ज्याला कळतात त्याला, दोघींनी मिळून एका सहीला जायचं हा हिशोब कसला, असा प्रश्न दोन वर्षांत एकदाही पडला नाही.

नऊ तारखेला बाहेर उभी राहणारी मुलगी तापाने घरी होती. आत गेली ती वनिता. जोहे गावची. वडील नव्हते. आई गावातल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची आणि वनिताही सकाळी दोन तास तिथे बसून मग एस. टी.ने कॉलेजला यायची. तिच्याकडे आखणीचं काम होतं, म्हणजे मूर्तीचे डोळे. कारखान्यात सोंड, किरीट, पितांबर कोणीही रंगवतं. डोळे आखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. श्वास धरून एका दमात भुवई ओढायची. रेघ हलली तर मूर्ती वाया. एकोणीस वर्षांच्या मुलीला कारखानदार डोळ्यांना बसवत होता, त्यावरून काय ते समजावं.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम रजिस्टर घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा त्याची नजर जमिनीवर होती.

"भाऊसाहेब, मी काय बगलं नाय. दार लोटलेलं व्हतं. काच फुटल्याचा आवाज आयकला म्हनून गेलो. पोरगी भायेर आली ती पलतच. हाताला रगत व्हतं. सर बोलले, लिव, हिने ब्युरेट फोडली."

"मग?"

"मग लिवली. तुमचा रकाना व्हता, तो पन भरला. जेवडं व्हतं तेवडं लिवलंय. आता मना काय इचारू नका, माजी दोन पोरं हायेत."

मी रजिस्टर घेऊन माझ्या कपाटात ठेवलं.

दोन दिवसांनी वनिता आईला घेऊन खिडकीवर आली. हाताला पट्टी. फुलस्केपवर तिने तक्रार लिहून आणली होती, प्राचार्यांच्या नावे. मी आवक-जावकही बघत असे. वाचलं. सरांनी सहीसाठी पाचनंतर बोलावलं, दार लोटलं, हात धरला, सही हवी असेल तर ऐकावं लागेल म्हणाले, हात सोडवून घेताना ब्युरेटचा स्टँड कलंडला. पाच ओळी. एकही शब्द जास्तीचा नाही.

मी म्हटलं, "वनिता, हे जरा मोघम लिहिलं तर? म्हणजे, 'योग्य वागणूक मिळत नाही' असं काहीतरी."

ती म्हणाली, "भाऊसाहेब, मोघम लिवलं तर मोघम चौकशी होईल ना?"

तिची आई इतका वेळ मागे उभी होती. हातांना नखांपर्यंत केशरी रंग. ती पुढे आली. "सायब, नंबर घाला त्याच्यावर. कागदावर नंबर नसला का कागद हरवतो, येवडं आमालाबी कलतं."

मी आवक क्रमांक घातला. तारीख घातली. पोच दिली. इथपर्यंत माझं काम चोख होतं.

त्या आधीच्या वर्षी सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर एक परिपत्रक आलं होतं. नोकरीच्या जागी, कॉलेजात, बायकांच्या अशा तक्रारी ऐकायला समिती हवी, तिची प्रमुख स्त्री हवी, किमान निम्म्या सभासद स्त्रिया हव्यात. आमच्याकडे समिती होती. मीच टाइप केली होती. प्रमुख म्हणून ग्रंथपाल मॅडमचं नाव घातलं होतं, आणि ते नाव घातल्याचं त्यांना वनिताची तक्रार आल्यावर कळलं. "मी? मला कधी केलंत?" त्या म्हणाल्या. मी फाईल दाखवली. बाकीच्या दोन जागा रिकाम्या होत्या.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

आमच्याकडे सभेचं प्रोसिडिंग सभेआधी लिहीत. आमच्याकडे म्हणजे फक्त त्या कॉलेजात नव्हे. पतपेढी असो, दूधसंस्था असो, मंडळ असो, आमच्या भागात मी पाहिलेल्या सगळ्या सभा अशाच झाल्या. सभासदांना घाई असते. कुणाला अलिबागची गाडी पकडायची असते, कुणाचं दुकान उघडं असतं. म्हणून ठराव, सूचक, अनुमोदक, 'चर्चेअंती एकमताने मंजूर' हे सगळं कारकून आधीच वहीत लिहून ठेवतो. सभेला चहा पिऊन सह्या करायच्या. न आलेल्यांच्या सह्या घरी जाऊन आणायच्या. यात लबाडी आहे असं कुणालाच वाटत नसे, मला तर अजिबात नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून निम्म्या पेणची प्रोसिडिंगं मी लिहिली आहेत.

शनिवारी, वीस तारखेला, सकाळी प्राचार्यांनी बोलावलं. "भाऊसाहेब, दुपारी तीनला त्या मुलीचं आहे. प्रोसिडिंग लिहून ठेवा."

"काय लिहू?"

"काय म्हणजे? संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं. विद्यार्थिनीचा गैरसमज दूर झाला. तिने तक्रार मागे घेतली. परीक्षा तोंडावर आहेत, पोरीचंही वर्ष वाचेल. आपण तिच्या भल्याचंच बघतोय."

मी जागेवर आलो आणि लिहिलं. शाईच्या पेनाने, समास सोडून. 'गैरसमज' हा शब्द लिहिताना हात थांबल्याचं मला आठवायला आवडलं असतं. तो थांबला नाही.

तीन वाजता प्राचार्य, संस्थेचे एक वयस्क सदस्य, ग्रंथपाल मॅडम, सर आणि लिहिणारा मी, असे पाच जण बसलो. समोर दोन लाकडी खुर्च्यांवर वनिता आणि तिची आई. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोही आमच्याच बाजूला चहा पीत होता.

सदस्य म्हणाले, "बाळ, पाचनंतर तू एकटी गेलीसच कशाला?"

"सही घ्यायला."

"पण एकटी?"

"जोडीदारीन आजारी व्हती. आनी सर," ती प्राचार्यांकडे वळली, "सही घ्यायला दोघींनी जायला लागतं, असं कुठं लिवलंय का?"

सर हसून म्हणाले, "मी हिला टायट्रेशनचं रीडिंग कसं घ्यायचं ते दाखवत होतो. हिचा हात थरथरत होता. घाबरट आहे. स्वतःच ब्युरेट पाडली आणि आता ब्रेकेज भरायला नको म्हणून हे सगळं."

तेव्हा तिची आई उठली. "माजी पोर गनपतीचे डोले आखते, सायब. वरसाला हजार डोले. तिचा हात थरथरत नाय. तिच्या हातातनं काच पडत नाय. पडली तर कुनी तरी तो हात धरला व्हता."

मला वाटतं त्या क्षणी मॅडमना सगळं कळलं. त्यांनी विचारलं, "त्या वेळी तिथे आणखी कोण होतं, याची काही नोंद आहे का?"

ब्रेकेज रजिस्टर माझ्या कपाटात होतं. मी नंतर मोजलं आहे. खुर्चीपासून कपाट तेरा पावलं. वेळ, दोनच माणसं, तिसरं कोणी नाही, सगळं त्यात होतं. सर म्हणत होते ते रीडिंग दाखवणं साडेतीनच्या प्रॅक्टिकलला होत असे, पाच-वीसला नव्हे, आणि पाच-वीस हा आकडा दत्तारामने लिहून ठेवला होता. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या वहीकडे पाहिलं.

"तशी काही नोंद ठेवत नाहीत, मॅडम," प्राचार्य म्हणाले. आणि मी खुर्चीवरून उठलो नाही.

मग वही फिरली. सदस्यांनी सही केली, प्राचार्यांनी केली. मॅडमनी पेन हातात धरून बराच वेळ काढला आणि केली. वही वनितासमोर आली. मला अपेक्षा होती की ती सहीची जागा विचारेल. ती वाचायला लागली. सावकाश, ओळीखाली बोट धरून, पट्टी बांधलेल्या हाताने. मग तिने ते बोट शेवटच्या शब्दावरून फिरवून उजेडात बघितलं.

"शाई वाललेली हाय," ती म्हणाली. "हे कधी लिवलंत, भाऊसाहेब? मी तर आत्ता बोलले."



"ती पद्धत असते," प्राचार्य म्हणाले.

"मग मना बोलवलंत कशाला? जोह्यावरनं यायला-जायला गाडीभाडं लागतं." तिने वही मिटून माझ्या पुढ्यात ठेवली, अगदी हळू, काचेची असावी तशी. "चल गो आये."

त्या गेल्यावर प्राचार्य म्हणाले, "लिहा, विद्यार्थिनीने सही करण्यास नकार दिला." मी लिहिलं. त्या पानावरचं तेवढंच एक वाक्य घडल्यानंतर लिहिलेलं आहे.

संध्याकाळी घरी हे बायकोला सांगितलं. ती रोह्याची, तिखट बोलते. वाल सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे ती पोर बोलायच्या आधीच तुम्ही तिचं बोलणं लिहून ठेवलं होतं."

"अगं, ती पद्धत..."

"आणि चांगल्या रजिस्टरात सगळं सापडतं म्हणता ना? कपाटात ठेवलं तर कोणाला सापडणार?" तिने सालपटं सुपात झटकली. "जेवा आता."

वनिताच्या जर्नलवर सही झाली नाही. ती प्रॅक्टिकलला बसली नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. मी ब्रेकेज रजिस्टर घेऊन प्राचार्यांकडे जाईन असं रोज सकाळी ठरवत होतो, आणि रोज काहीतरी काम निघत होतं. माझं घर भाड्याचं होतं, धाकटा मुलगा पहिलीत जायचा होता. ही कारणं खरी आहेत. ती पुरेशी आहेत असं मी म्हणत नाही.

एक गोष्ट केली. मार्चअखेर मी प्राचार्यांपुढे एक टिपण ठेवलं : प्रयोगशाळेत आठ ट्यूबलाइट, दोन एग्झॉस्ट पंखे, पाचनंतर चालू राहतात, वीजबचतीसाठी प्रयोगशाळा साडेचारला कुलूपबंद व्हावी, जर्नलवरच्या सह्या मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या मोठ्या टेबलावर व्हाव्यात. प्राचार्यांनी कौतुकाने सही केली. पहिल्याच महिन्यात बिल एकोणनव्वद रुपयांनी उतरलं. जिन्यावर मुली थांबायच्या बंद झाल्या, खोकला बंद झाला. त्या नियमाचं खरं कारण कुठेही लिहिलेलं नाही. अजूनही तो नियम त्या कॉलेजात वीजबचतीच्या फाईलमध्ये आहे.

आता भिंतीवर मोठे फलक आहेत, फोन नंबर आहेत, दर वर्षी व्याख्यान होतं, समितीत पुरेशा स्त्रिया आहेत आणि त्यांना आपण समितीत आहोत हे ठाऊक असतं. हे चांगलं आहे, मनापासून सांगतो. पण मागच्याच महिन्यात एक तरुण कारकून माझ्याकडे वही घेऊन आला. "सर, उद्याच्या मीटिंगचं प्रोसिडिंग लिहिलंय, जरा भाषा बघता?" मी त्याला म्हटलं, "कोरी वही घेऊन जा. बस. ऐक. मग लिही." तो माझ्याकडे, म्हातारा होत चालला बिचारा, अशा नजरेने बघत गेला.

वनिता जूनमध्ये आली, दाखला न्यायला. रोह्याला मामाकडे राहणार होती. मामा तिथल्या एका कंपनीत शिफ्टला होता. तिथल्या कॉलेजात आर्ट्सला पहिल्या वर्षापासून.

"केमिस्ट्री?" मी विचारलं.

"नको आता." दाखल्याची घडी घालत म्हणाली, "मामी बोलते, दोन वरसं गेली तर गेली."

"आणि आखणी?"

"ती करते. गनपती सही मागत नाय."

मी अनामतीचं व्हाउचर काढलं. तीनशे रुपये, वजा ब्रेकेज एकशे चाळीस, बाकी एकशे साठ. तिने वाचलं. आता ती माझ्या कुठल्याच कागदावर न वाचता सही करणार नव्हती.

"ब्युरेट मी फोडली नाय, भाऊसाहेब. तुमाला म्हायती हाय."

खिडकीच्या गजांतून ती माझ्याकडे बघत होती. चिडून नाही. मूर्तीच्या कोऱ्या डोळ्यांकडे आखणारा बघतो तशी, रेघ कुठे मारायची ते ठरवत. मी व्हाउचर फाडलं आणि दुसरं लिहिलं.

सरांविषयी एक सांगायचं राहिलं. पैशाच्या बाबतीत ते फार काटेकोर. मागे प्रवासभत्त्यात चार रुपये कमी आले म्हणून दहा दिवस माझ्याशी वाद घातला होता, आणि पावतीशिवाय त्यांनी कॉलेजला कधी रुपया दिला नव्हता. एक जुलैला पगाराच्या पाकिटात मी त्यांच्यासाठी एक चिठ्ठी घातली. 'दि. ९ फेब्रुवारी, सायं. ५.२०, ब्युरेट एक, रु. १४०, आपल्या नावे. ब्रेकेज रजिस्टर, पान २३.' एवढंच. दिवसभर मी वादाची वाट बघत होतो. प्राचार्यांकडून बोलावणं येईल, मेमो मिळेल, सगळं धरून बसलो होतो. खरं तर ते यावं असंच वाटत होतं, म्हणजे रजिस्टर उघडावं लागलं असतं.

चार वाजता सर खिडकीवर आले. शंभराची एक आणि विसाच्या दोन नोटा गजांतून आत सरकवल्या. कशाचे, का, माझ्या नावे कसे, असं काही विचारलं नाही. मी पावतीपुस्तक ओढलं.

"पावती नको," ते म्हणाले आणि गेले.

मी पावती केली. त्या पानाला टाचली. हजरच्या रकान्यात, दत्तारामच्या अक्षराखाली, माझं नाव लिहिलं, तारीख घालून. पाच महिने उशिरा. सर त्यानंतरही नऊ वर्षं शिकवत होते, शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. ते पान कुणी उघडलं नाही.

तर शेवटचा हिशोब असा. २८ जून १९९९, वनिताला, अनामत परत, तीनशे रुपये पूर्ण, वजावट नाही. १ जुलै, सरांकडून कॉलेजला, ब्युरेटपोटी, एकशे चाळीस रुपये रोख. वीस फेब्रुवारीचं तिचं आणि तिच्या आईचं जोह्यापासूनचं गाडीभाडं मात्र कुणीच दिलं नाही.